वाट न अडवता

क्लाक्स्विकच्या बंदर कचेरीत आठ कामकरी होते,
म्हणजे आमच्या सर्व्हरमध्ये. माणसं आम्ही दोनच:
मी आणि ऐयुन. तोही दुपारनंतर मेंढ्यांकडे.

म्हातारी सन्निवा रोज सकाळी नऊला
आजोबांच्या होडीचं नाव टाकायची.
स्पेलिंग दर वेळी वेगळं.
डेटाबेस मग तळघरातल्या कारकुनासारखा
बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटायचा.
चाळीस सेकंद, कधी पन्नास.
तोवर कामकरी तिथंच, दाराशी, हात बांधून.
दुसरा आला, तोही. आठवा आला, तोही.
आणि ट्रॉलरवरून कप्तान मार्नर
नुसता वारा किती आहे ते विचारत होता,
त्याच्या पडद्यावर एक चक्र फिरत होतं, फिरतच होतं.

बोलणी मी खाल्ली.

डिसेंबरात, तिनालाच काळोख पडतो त्या दिवसांत,
मी ओळीमागून ओळीत ‘अवेट’ लिहीत गेले.
कामकऱ्यांना सांगितलं:
प्रश्न आत सरकवा, चिठ्ठी ठेवा, माघारी फिरा.
वाट पाहा,
वाट अडवू नका.
आतून हाक आली की जो मोकळा असेल त्यानं जावं.

ऐयुनला वाटलं, आता सगळं चुटकीसरशी.
कसलं काय!
चाळीसचे चाळीसच सेकंद.
तळघरातलं पान आपल्याच चालीनं उलटतं.
मार्नरला वारा कळला, एवढंच.
आणि एका वेळी चिठ्ठ्या पाचच द्यायच्या,
नाहीतर कारकून सगळाच गठ्ठा खाली टाकतो;
हे कळायला एक अख्खा शुक्रवार गेला.

मग फेब्रुवारीत एकदा
सन्निवानं एकतिसाव्या सेकंदाला पान बंद केलं.
किटली शिट्टी देत असेल, किंवा कंटाळली असेल.
चव्वेचाळिसाव्याला उत्तर आलं.
घेणारं कुणी नव्हतं.
लॉगमध्ये एक ओळ राहिली:
‘लोम्विगा’, १९३१, सहा माणसं, परतली.

परतली.
सन्निवाच्या घरात तर ती बुडालेलीच होती,
तीन पिढ्या.

मी ते कागदावर उतरवलं, हातानं,
कोट चढवला, चढ चढून गेले. कडी वाजवली.
आत काठीचा आवाज. मग खुर्ची सरकल्याचा.
मग बराच वेळ काहीच नाही.
खिशात फोन थरथरत होता, ऐयुनचा असणार.
मी दारातच उभी राहिले, ताटकळत,
दुसरं कुठलंही काम न करता.