ऐकू आलेले

हेम्मडग्याच्या नाक्यावर मार्चात वही मिळते.
रकाने कानडीत छापलेले:
काडुकोळी. किती ऐकले, कुठून, किती वाजता.
पहिल्या दिवशी मी खाली रानकोंबडा लिहिलं.
गार्ड बसलिंग हसला.
चालतंय म्हणाला, कोंबड्याला काय.

पावणेसहा. झाडं अजून अंधारातून वेगळी झालेली नसतात
आणि पलीकडच्या कोंडातून पहिला ओरडतो:
चार तुकडे, शेवटचा गिळलेला.
गावच्या कोंबड्यासारखी लांब शेपूट नाही आवाजाला.
मग दुसरा.
मग तिसरा, आमच्याच डोक्यावरच्या जांभळीवर.
मी रेघा मारतो.

कधी वाटेवर दिसतोही.
मानेच्या एकेका पिसावर मेणाचा पिवळा थेंब,
सांडून गोठलेला.
हाच श्रावणात भेटला तर ओळख पटत नाही:
मानेवर नुसती काळी लव, तुरा आखडलेला,
वरातीचा भाड्याचा कोट परत करून आलेला नवरा.
तेव्हा बोलतही नाही.

एकोणिसाव्या दिवशी वाटेखाली उतरलो, लघवीला,
तर वेळूच्या बेटाच्या बुडाशी
पाचोळा माझ्याकडे बघत होता.
एका डोळ्यानं.
दोन हातांवर मी, बंडी सोडलेला,
आणि तिनं पापणी मिटली, खालून वर,
पुन्हा उघडली.
उठली नाही.
खाली चार असतील, पाच असतील.
मोजायचं तर तिला उठवावं लागलं असतं.

नंतर लांबून बघितलं दोनदा.
दिवसाकाठी एकदा उतरते. वाळवी, पाणी, परत.
परतताना सरळ येत नाही,
पानं चिवडत, भलतीकडे बघत,
आपलं इथं काही नाही अशा चालीनं.
एकवीस दिवस असं.
तोंडातून अवाक्षर नाही.

महिनाअखेर बसलिंगनं बेरीज केली.
नर सात. मादी शून्य.
अरे, आहे की, म्हटलं, मी बघितली.
ऐकलीस का?
नाही.
मग?
सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बेट रिकामं.
पिल्लं अंगावरचं सुकलं की चालायलाच लागतात,
थांबत नाहीत कुणासाठी.
पाचोळ्यात अर्धं कवच, आतून ओलसर.
ते मी वहीत ठेवलं, शून्याच्या पानात.

बेळगावच्या ऑफिसात कुणीतरी वह्यांचा गठ्ठा दाबून बांधेल,
तेव्हा बारीकसा आवाज होईल.

ऐकू आला तर
लिहून घ्यावा. वेळेसकट.