ओघळ

भोसरीत, टी ब्लॉकमध्ये, आमच्या शेडवर
तेलाच्या झाऱ्या परत आल्या तेव्हा दिवाळी तोंडावर होती.
सत्तावीस खोकी. बोहरी आळीच्या दुकानदारानं
चिठ्ठीत कारण दिलं नव्हतं;
फक्त, उठाव नाही.

घैसास साहेबांनी खोका बदलला.
केशरी केला, मग हिरवा. दहा रुपये उतरवले.
शेजारच्या मांडणीवरची राजकोटची झारी
तसल्याच स्टीलची, तेवढ्याच पोटाची,
आमच्याहून अकरा रुपयांनी महाग,
आणि तुळशीबागेत हातोहात खपायची.
"नशीब," साहेब म्हणाले.
मी लेथवर होतो. नशिबाचं माप
व्हर्नियरवर येत नाही, म्हणून गप्प बसलो.

पॅकिंगच्या शेवंताबाई कोंढरे
एक दिवस पिशवीतून घरची झारी घेऊन आल्या.
राजकोटची.
साहेबांचा चेहरा उतरला.
बाई काही बोलल्या नाहीत.
तपासणीच्या टेबलावर दोन्ही ठेवल्या,
दोन्हींतून शेंगदाण्याचं तेल ओतलं
आणि मनगट सरळ केलं.

त्यांच्या झारीचा शेवटचा थेंब
ओठावर क्षणभर थबकला, आत गेला.
आमचा बाहेर आला,
मानेवरून, पोटावरून, सावकाश,
घरची वाट पायाखालची असल्यासारखा,
आणि टेबलावर एक गोल उमटला.

"हे रोज कुणी पुसायचं?" एवढंच म्हणाल्या.

बारा वर्षं मी ती चोच वळवत होतो.
ओतून कधी पाहिली नव्हती.
घरी तेल बायको ओतते.

त्या रात्री थांबून मी कड बाहेर वळवली,
अर्धा मिलिमीटर, जरा कमीच;
नखाला कळेल, बोटाला कापणार नाही इतकी.
ओतलं. पुसलं. पुन्हा ओतलं.
पहाटे तीनच्या सुमाराला
थेंब मागे फिरला.

आता माल टिकत नाही.
साहेब सांगतात, हिरवा खोका लाभला.
सांगोत.

नव्या चोचीची पहिली झारी शेवंताबाईंना दिली.
सवयीनं त्या अजून तिच्याखाली
घडी घातलेला पेपर ठेवतात.
परवा डबा खाताना म्हणाल्या,
कागद कोरडाच राहतो मेला,
महिना झाला, बदलायला कारण नाही;
ओट्याशी उभ्या उभ्या
तीच एक बातमी पाठ झालीय.