जमेची बाजू

सहा दिवस मी गूळ बाजारात ढेपा मोजतो,
सातव्या दिवशी मंडळीचं दान.
उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं शास्त्र.
पण खजिनदारानं काय करायचं?
वही दाबून धरतो डावा,
लिहितो उजवा.

कापणीचा सण. वेदीच्या पायऱ्यांवर
दुधी भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेली कोंबडी,
उद्यमनगरातल्या अलीशा लोखंड्यांनी ओतलेला बिडाचा तवा,
सुभाषनगरचा कापशी जोड,
अजून कुणाच्या पायात न करकरलेला.
उपासना संपली की लिलाव.
बोली पाळकसाहेब पुकारतात;
उपदेशापेक्षा त्यांचा आवाज इथं जास्त खुलतो.
वीस रुपयांची कोथिंबीर चारशेला जाते
आणि घेणारा ती
पुन्हा पायरीवरच ठेवतो.
एक जुडी अशी पाच वेळा विकली गेली.
शेवटी मान टाकली तिनं.
तोवर दोन शेळ्यांचे पैसे झाले होते.

शेळ्या मलावीतल्या.
झोंब्याच्या पलीकडं एक मंडळी आहे,
तिथल्या बायकांना शेळ्या, मक्याचं बी,
एका बोअरचा हातपंप.
आमच्यातल्या कुणी ते गाव पाहिलेलं नाही.

कमिटीत दरवर्षी एकजण उठतोच.
त्या वर्षी शमुवेल चोपडे :
"पंचगंगेच्या पुलाखाली मान्सं झोपत्यात,
आनि तुमी निघालाय आफ्रिकेला."
खोटं नव्हतं.
पंखा तेवढा बोलत राहिला.

मग राहेल आवळे उठल्या. पिशवीतून डबा काढला,
पत्र्याचा, रंग उडालेला,
त्यावर दोन हात, एकमेकांत धरलेले.
कोपरापासून पुढं कुणाचे ते छापलेलं नाही.
मिशनच्या ओट्यावर लहानपणी
यातली भुकटी पाण्यात ढवळून मिळायची.
म्हशी समोर उभ्या करून
धारोष्ण दूध पिणाऱ्या या गावात
त्यांच्या तोंडाला लागलेलं पहिलं दूध
समुद्रापलीकडचं, गुठळ्यांचं.
आता डब्यात रोज चुलीवर आधण ठेवण्याआधी
बाजूला काढलेला मूठभर तांदूळ.

"ते दूध धाडणाऱ्यानं इचारलं हुतं व्हय,
कोल्हापूर कुटं हाय म्हून?"
मग चोपड्यांकडं वळून :
"आनि पुलाखाली मी शुक्कीरवारी जाती
भाकऱ्या घिऊन. तू बी ये की लगा."

चोपडे गेले. दोन शुक्रवार.
तिसऱ्याचं मला ठाऊक नाही.

पुढं पुराचं साल.
पाणी सातव्या बाकापर्यंत आलं,
माझ्या वह्या फुगून पावासारख्या झाल्या.
चिखल खरवडत होतो तेव्हा पाकीट आलं,
पाठवणार : एसनार्ट फिरी, झोंबा.
पाळकसाहेबांनी मराठी करत करत वाचलं :
ऐकलं, नदी तुमच्या घरात शिरली.
आम्हीही नदीकाठचे.
रविवारी अंडी विकली, थोडा मका विकला.
लहान रक्कम आहे, रागावू नका.

सोबत चौतीसशे क्वाचा,
चुलीच्या धुराचा वास लागलेल्या नोटा.

स्टेशन रोडचा पैसे बदलणारा म्हणाला, हे इथं चालत नाही.
बँकेतल्या मुलीनं नोट उजेडात धरली,
मॅनेजरला दाखवली, परत आणून दिली.
परत धाडावं, तर टपालखर्च
रकमेच्या वर.

राहेलबाईंनी नोटा डब्यात ठेवल्या, तांदळाखाली.
मूठ घालताना म्हणे कधी कधी
बोटांना लागतात.

मी नवी वही उघडली.
जमा : झोंबा मंडळीकडून, पूरग्रस्तांसाठी.
रुपयांचा रकाना कोरा.
शेरा : बदलून मिळत नाही.

ऑडिटर दरवर्षी तिथं
लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढतात.
मी पुढच्या वहीत ती ओळ
पुन्हा उतरवून घेतो.