पट्टी

उधारीची वही आमच्याकडे तीन पिढ्यांत एकच.
कापडी पुठ्ठा, दोनदा शिवलेला.
तिसऱ्यांदा आबांनी तबल्याची वादी वापरली,
त्यामुळे उघडताना ती अजून जरा कुरकुरते.

जांभळी नाक्यावरून आत वळलात की
आधी भांड्यांचं दुकान, मग आमचं:
मेस्त्री वाद्यभांडार, स्थापना,
आणि पुढचा आकडा उडालेला.
घरात त्यावर कुणाचं एकमत नाही.

शेजारी पातेलं पडलं की आजोबांची कानस थांबायची.
"कोमल गंधार," म्हणत, "पण किंचित उतरलेला."
पोपटशेठ पलीकडून ओरडत,
"मेस्त्री, पितळ दोघांचं सारखंच.
माझं भाताला, तुमचं भात्याला!"

वहीत पैशांचे आकडे फिके पडलेत.
ठळक आहे ती पट्टी,
प्रत्येक नावापुढे, लाल पेन्सिलीने.
हिराजी नाखवा, चेंदणी कोळीवाडा, भजन: काळी दोन.
(येणे रुपये अकरा. ते आलेच नाहीत.)
अंतोन परेरा, चर्चची पेटी:
स्वतः गात नाहीत, शिट्टी वाजवतात, काळी चार.
शाळेच्या बाई, प्रार्थनेसाठी:
मुलं चढतील तिथे.

मग दहा-बारा पानांनी तेच नाव पुन्हा,
नाखव्यांची काळी दोन गेलेली, पांढरी दोन आलेली,
आणखी पुढे काळी एक.
गावाचं वय आम्हाला असं कळत गेलं.
"बोलायचं नसतं," आबा सांगत.
"गिऱ्हाईक म्हणेल, पेटी चढलीय.
आपण हो म्हणायचं."

रीड टोकाशी घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो,
हे मी तेराव्या वर्षी शिकले.
खाडीची हवा मात्र
मन मानेल तिथे घासते.

मागच्या मंगळवारी घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ आले.
डिकीत पेटी, चादरीत गुंडाळलेली.
आईला जाऊन वर्ष झालं, फ्लॅट लहान,
किती मिळतील?

मी वही कुरकुरवली.
कुमुदिनी गुप्ते, चरई. १९७४, काळी पाच.
१९८६, काळी चार.
शेवटची नोंद आबांच्या थरथरत्या अक्षरात:
पांढरी पाच, सकाळी पांढरी चार.

भाता ओढून काळी पाच दाबली.
ते म्हणाले, ही कोण?
काळी चारला ते स्टुलावर बसले.
"ही. पोळ्या लाटतानाची."

तुम्हाला वाटेल, पेटी परत नेली.
नाही. पैसे मोजून घेतले,
वर दोनशे वाढवून घेतले.
दारातून वळून फक्त विचारलं,
ही एवढी एकच देता येईल का?

मी फळी उघडली, दोन स्क्रू काढले.
बोटाएवढी रीड, कडेला हिरवट.
वर्तमानपत्रात तिची पुडी बांधली, सुंठेची बांधावी तशी.
त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली,
चष्म्याच्या मागे.

नव्या रीडला मला दोन दिवस लागले.
जुन्या तिला आपल्यात घेईनात.
पेटी आता कळव्याच्या भजनी मंडळात आहे,
त्यांची काही तक्रार नाही.

आमच्या घरात कुणी गात नाही.
हलवायानं पेढा चाखावा, खाऊ नये, असं आजोबांचं मत.
पण वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला, आतून,
लाल पेन्सिलीत मी आहे,
नाव ठेवण्याआधीची:
"मुलगी. सिव्हिल हॉस्पिटल. पहाटे. पांढरी सहा."
येणे-देण्याचा रकाना मोकळा.

शेजारी आत्ता काहीतरी पडलं.
पातेलं नव्हे, झाकण असावं.
माझ्या हातातली कानस थांबलीय.