अजून मागे

दुपारचे चार, म्हणजे तिथे रात्रच. उणे एकोणीस.
“दिवा पटापट डोळे मिचकावतोय,” ते म्हणाले,
“चिडलाय माझ्यावर.”
मी लाहटीत, तिसऱ्या मजल्यावर, हेडफोन डाव्या कानाला,
पुढ्यात निवून गेलेली कॉफी,
आणि नकाशात पार वर, रशियाच्या कडेला टेकलेलं कुह्मो.
ताइस्तो कारप्पिनेन. वय एकोणऐंशी.
तक्रार: दिवा जोडला जात नाही.

राउटर नवा. लेकीने ओउलूहून पाठवलेला,
दोन लहरींना एकाच नावाखाली नांदवणारा.
दिव्याला त्यातली एकच कळते, जुनी, संथ,
भिंतीतून वाट काढत जाणारी.
फोन धावतो वेगवान लहरीकडे,
जी भिंत आली की दमते.
भिंतींना कान असतात म्हणतात.
असतील. सगळ्याच आवाजांसाठी नसतात.

“म्हणजे दोघं एकाच घरात,
आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही.
हे मला समजतं, पोरी. पुढे सांग.”

पुढे तीनदा बंद, तीनदा चालू.
पासवर्ड त्यांनी मोठ्याने वाचला, मी नको नको म्हणेपर्यंत:
बायकोचं नाव आणि एक साल.
मी तो लिहून घेतला नाही.
माझ्या पडद्यावरच्या पायऱ्या संपल्या.

मग पुस्तिकेत नसलेलं सांगितलं.
फोन घेऊन घरापासून लांब जा.
इतके लांब, की वेगवान लहर हातची सुटेल
आणि फोन झक मारत संथ लहरीला धरेल.
“किती लांब?”
चालायला लागा, मी सांगते.

बूट. दार. मग बर्फ,
पायाखाली मक्याच्या पिठासारखं करकरणारं.
पडद्यावर आकडा कोणता?
“पाच. लाकडांची खोप आली.”
अजून मागे.
“पाच. सौना आली.”
अजून.
“इथून पुढे तळं आहे.”
गोठलंय ना?
“जानेवारी आहे,” ते म्हणाले,
कुक्कुल्या बाळाला सांगावं तसं.

मध्येच शेजारीण रौनी. कुत्रा हरवला का, म्हणून विचारत होती.
“नाही! दिवा लावतोय!” ते ओरडले.
त्यावर ती काय म्हणाली, ते वाऱ्याने खाल्लं.

“दोन दशांश चार.”
थांबा. तिथेच. आता दाबा.

हेडफोनमध्ये नुसता वारा.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणाची तरी माफी मागत होतं.

“थांबला,” ते म्हणाले.
“मिचकावायचा थांबला. पिवळा झालाय.”
आणि बऱ्याच वेळाने,
“आमची खिडकी इथून अशी दिसते होय.
चव्वेचाळीस वर्षं राहतोय. तळ्यावरून रात्री कधी पाहिलीच नव्हती.”

मग फोनने वेळ विचारली.
जोडताना जुनं सगळं पुसलं जातं,
हे मी आधी सांगायला हवं होतं.
“जुनी वेळ हिल्काची. चार चाळीस.
शाळेच्या स्वयंपाकघरात राईचे पाव भाजायला जायची.
ती जाऊन दोन हिवाळे झाले, तरी हा आपला उजाडायचा,
आणि मी शिव्या देत कूस बदलायचो.
आता कुठली टाकू?”

पलीकडून माझ्या वरिष्ठाने घड्याळावर बोट ठेवलं.
एका कॉलला अकरा मिनिटं. माझी एकतीस झाली होती.
हवी ती टाका, मी म्हणाले, नंतर बदलता येते.

करकर, करकर. परत निघाले असावेत.
खोपीजवळ केव्हातरी फोनने पुन्हा वेगवान लहर पकडली,
आवाज एकदम स्वच्छ झाला, शेजारी बसल्यासारखा.
“चार पन्नास,” ते म्हणाले.
“दहा मिनिटं माझी.”

मी नोंद केली. अडचण: सुटली.
कारणाच्या रकान्यात थोडा वेळ कर्सर मिचकावत राहिला.
मग लिहिलं:
ग्राहक घराच्या फार जवळ उभे होते.