दोन लिटर

शहरातून एक पोर यायची, यानिरा,
पायात पांढरे बूट, हातात तक्ता.
म्हणाली, डोन एलेउतेरिओ, तुम्ही व्यायाम सुरू करा.
मी हसलो. शेजारच्या खुर्चीतला रिगोबेर्तो
खोकला येईपर्यंत हसला.
मशीनसुद्धा टुंग करून थांबलं.

सत्तावीस हंगाम ऊस तोडलाय मी.
जळक्या फडात, नाकात पाचटाची काजळी,
सूर्य डोक्यावर नव्हे, डोक्यात.
दिवसाला सहा टन, कधी सात.
लघवी कॉफीच्या रंगाची झाली
तेव्हा मुकादम म्हणाला, आळस.
आणि आता ही म्हणते, हातपाय हलवा.

"ह्याची मजुरी कोण देणार?"
ती काही बोलली नाही.
माझ्या डाव्या मुठीत रबरी चेंडू ठेवला,
मनगटावरच्या ताज्या टाक्यांच्या जरा खाली.
दाबा. सोडा. दाबा.
शीर जाडजूड होऊ दे, मग मानेतली नळी निघेल.
ह्याच हातानं मी उसाचा जुडगा कवेत धरायचो.
आता चेंडू.
तोही तीसनंतर जड.

मग खुर्ची.
हात छातीशी बांधून उठा, बसा,
अर्ध्या मिनिटात होईल तेवढं.
चार वेळा झालं.
निकोलासा दारात उभी होती, तिनं मान वळवली,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.

घरी म्हणे रोज चाला.
उन्हाच्या आधी, दम लागला तरी बोलता येईल इतकंच.
आमच्याकडे, लेम्पा नदीच्या खालच्या अंगाला,
रिकाम्या हातानं कोणी चालत नाही.
पहिल्या दिवशी दोन्या ओतिलिया कुंपणाशी आली,
"काय हरवलं?"
काही नाही.
"मग कुठे निघालास?"
कुठेच नाही.
तिनं क्रूस काढला छातीवर.
तिचा कुत्रा मात्र मागे आला, त्याला पटलं असावं.

आंब्यापर्यंत. मग शाळेच्या पंपापर्यंत,
ज्याच्याकडे मी बघत नाही,
कारण मला दिवसाला अर्धा लिटर,
औषधाचे घोट धरून.
दोन महिने गेले. रिगोबेर्तोची खुर्ची
एका पोराला दिली, एकोणीस वर्षांचा,
बोटांवर अजून कोयत्याचे घट्टे.

त्या पोराला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी
मी पंपापाशी थांबलो.
कॅन भरला. उजव्या हातात घेतला,
डाव्यानं वजन उचलायचं नाही.
पंपाच्या पुढे रस्ता फडाकडे जातो.
तिथे माझा विल्बर आहे, ओळीत तिसरा,
वाकलेला, काळाठिक्कर, माझीच पाठ घेऊन.

तीनदा थांबलो. एकदा बांधावर बसलो,
हात छातीशी बांधून उठलो.
मनगटाला कान लावला, आत शीर गुणगुणत होती,
मांजर झोपल्यासारखी.

"बस," मी म्हणालो.
"बाबा, टन भरायचेत."
"सावलीत बस. पी."
मुकादमानं लांबून शिट्टी मारली.
मी त्याच्याकडे पाठ केली,
सत्तावीस हंगामांत पहिल्यांदा.

विल्बर प्यायला. डोकं मागे टाकून,
गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली.
मी मोजत होतो, माझी जीभ टाळूला चिकटलेली.
चौदा घोट.
थांबला, कॅन माझ्यापुढे केला, मग आठवलं त्याला,
खाली घेतला.
"ओशाळू नकोस," मी म्हटलं, "संपव."

गुरुवारी यानिरानं तक्ता काढला.
ह्या आठवड्यात चाललात?
चाललो.
किती?
रोज दोन लिटर.
तिची पेन्सिल थांबली.
तक्त्यात मिनिटांचं घर होतं, अंतराचं होतं.
मशीननं तेवढ्यात माझ्यातून
दोन लिटर काढून घेतले होते.