एकशे चौदा

मी कुलपं तोडत नाही. कापतो.
तोडण्यात राग असतो, आणि माझा कुणावर राग नाही.

टोलीडोच्या बाहेर, हमरस्त्याला लागून
नारिंगी शटरांच्या रांगा:
लोक महिन्याला नव्वद डॉलर भरतात
आणि विसरायला जागा भाड्याने घेतात.
चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
इथे रात्रभर पिवळे दिवे, चांदण्याला वावच नाही.

माझे नियम आहेत.
फोटो नाही, औषधं नाहीत, कुणाच्या अस्थी नाहीत.
आधी बोट फिरवतो.
नखभर धूळ म्हणजे तीन हिवाळे.
तीन हिवाळे ज्याला कुणी हात लावला नाही
ते कुणाचं?
धूळ हाच माझा सातबारा,
आणि तो वाचता येतो फक्त मला.

काचेचा कारखाना बंद झाला, माझी बावीस वर्षं
कुणीतरी दिवसाढवळ्या उचलून नेली.
पण ते कारण मी देत नाही. ते सगळेच देतात.
लोरेटा म्हणायची, लायल, कोर्टाने दिलेल्या वकिलाला
एवढं सुचलं असतं तर सुटला असतास.

मार्चमध्ये एकशे चौदातून अकॉर्डियन उचललं.
मोतिया बटणं, भात्याला बुरशी.
मनरो स्ट्रीटवरच्या हर्शेलने साठ डॉलर दिले, तेही कुरकुरत.
धूळ होती. शपथेवर सांगतो, होती,
खोक्यावर.
जमिनीवर मी बॅटरी मारली नव्हती.

परवा पुन्हा गेलो, शिलाईमशीनसाठी.
कुलूप नवंकोरं. कापलं.
आत एक घडीची खुर्ची. आधीही असेल.
पाठीवर बाईचा स्वेटर, पायाशी संत्र्याची साल,
अजून ओली.
खुर्चीचं तोंड कोपऱ्याकडे,
जिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन,
अकॉर्डियनच्या खोक्याच्या मापाचा.

आता असं बघा,
ती येतच होती तर पुसली का नाही?
धूळसुद्धा कुणी राखून ठेवतं
हे मला कसं कळावं?
शिवाय ते वाजत नव्हतंच.
आधी जे होतं त्याच्याकडे बघत बसायची,
आता जे नाही त्याच्याकडे.
फरक कितीसा? बसणं तेच, भाडं तेच.

मशीन घेतलं नाही. जड होतं.
शटर ओढलं. उघडं कसं टाकणार,
या भागात चोर फार.
खिशातलं माझं कुलूप लावलं, चांगलं, पितळी,
आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं
किल्ली माझ्याकडे.